एकशे बाविसावा मनोरा

माझं गणित चुकत नाही. ही बढाई नाही. माझी उंची पाच फूट एक इंच आहे हे जसं मी सांगेन, तसंच हे सांगते. आमच्या वीज कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथल्या खिडकीतून फक्त शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, तिथे बसून मी एकोणीस वर्षं उच्चदाबाच्या लाइनींची गणितं करते आहे. पाठीमागे मला ‘दशांशबाई’ म्हणतात. कुणी ‘साधारण वीस’ म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते, म्हणून. ते मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. वाटू दे.

माझं सगळ्यात लाडकं गणित जोडलाइनीचं. मनोऱ्यांची एकच रांग, तिच्या डाव्या अंगाला एक लाइन आणि उजव्या अंगाला दुसरी. प्रत्येकीच्या तीन तारा, एकीखाली एक. दुरुस्तीसाठी त्यातली एक बंद केली, तरी ती पुरती बंद होत नाही, कारण शेजारची चालू असते. शेजारच्या घरात मिक्सर लागला की आपल्या फडताळातल्या वाट्या थरथरतात, तसा चालू लाइनीतला प्रवाह बंद लाइनीत प्रवाह उठवतो, कुठेही न शिवता. म्हणून काम करणारे आधी बंद तारेला जाड केबलने जमिनीशी जोडतात. त्या केबलमधून किती प्रवाह वाहील, ते माझं गणित आधीच सांगतं. तो चाळीस अँपिअरच्या वर गेला तर कुणीही तारेला हात लावायचा नाही, असा नियम आहे.

इकडच्या तीन आणि तिकडच्या तीन, प्रत्येकीचं पलीकडच्या प्रत्येकीशी, म्हणजे नऊ नाती. जवळची तार जास्त ओढते, लांबची कमी, म्हणून प्रत्येक नात्याला वेगळा आकडा. शिवाय एकच तार सतत जवळ राहू नये म्हणून चालू लाइनीच्या तारा वाटेत दोन मनोऱ्यांवर आपापसात जागा बदलतात. तीन भावंडांनी प्रवासात खिडकीची जागा पाळीपाळीने घ्यावी, तसं. पाळ्या सारख्या झाल्या की ओढाताण बरीचशी फिटते. एकशे त्र्याऐंशी मनोरे, त्यांची उंची, मधली अंतरं, तारांचा झोल, सगळं मी त्या गणितात भरलं. दोन वर्षं खपले. त्यावर मोठे साहेब सगळ्यांसमोर ‘वा’ म्हणाले. ते ‘वा’ मी जपून ठेवलं आहे, कारण साहेब एरवी ‘हं’च्या पुढे जात नाहीत.

माझा दादा त्याच मनोऱ्यांवर चढतो. आमचे बाबाही चढायचे. दादा लाइनवरच्या गँगचा मुकादम आहे, वय बावन्न, पोट थोडं सुटलेलं, पण मनोऱ्यावर अजून पोरांच्या पुढे. त्यांच्या गँगमध्ये एक पद्धत आहे, रंग म्हणायची. प्रत्येक तारेला एक रंग असतो, लाल, पिवळा किंवा निळा, आणि मनोऱ्याच्या ज्या आडव्या हातावर ती टांगलेली असते, त्यावर त्या रंगाची पाटी. पहिला चढणारा खालून वर जाताना रंग मोठ्याने म्हणतो आणि खालचे जसेच्या तसे परत म्हणतात. परत म्हटलं नाही तर तो पुढचं पाऊल टाकत नाही. बाबांनी ही सवय आम्हाला घरच्या जिन्यावर लावली होती. मी चौथीत असताना जिना चढताना ओरडायचे आणि दादा खालून ओरडायचा. शेजारी वैतागायचे.

तर झालं असं. बुधवारी दादाची गँग एकशे एकतिसाव्या मनोऱ्यावर बंद लाइनीचे इन्सुलेटर बदलायला गेली. कामाच्या परमिटवर माझा आकडा होता, बावीस पूर्णांक चार अँपिअर. दादाने अर्थिंगची केबल जोडली, तिच्याभोवती मीटरचा चिमट्यासारखा जबडा लावला, आणि काटा एकसष्टवर गेला. त्याने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं, आणि सगळ्यांना खाली उतरवलं. काम बंद.

लाइन बंद ठेवायची परवानगी महिनोन् महिने मागून मिळते. ती वाया गेली. वरून विचारणा झाली आणि दादाचा मीटर मागवला गेला. तो निघाला जुना, काचेवर चरे पडलेला, आणि त्याच्यावरच्या तपासणीच्या चिठ्ठीची मुदत वर्षापूर्वीच संपलेली. कंपनीने दिलेला नवा मीटर पेटीतच होता. त्याचा जबडा इतका लहान की रबरी हातमोजे घालून त्या जाड केबलभोवती बसतच नाही, हे सगळ्या गँगना ठाऊक होतं. कागदावर मात्र नवा मीटर होता आणि मुकादमाने तो वापरला नव्हता. शुक्रवारी साहेबांनी मला बोलावलं.

“तुमचा आकडा बरोबर आहे ना?”

“माझा आकडा बरोबरच असतो.”

“मग तसं दोन ओळींत लिहून द्या.”

मी लिहून दिलं. सही केली, तारीख घातली. मुकादम माझा सख्खा भाऊ आहे हे साहेबांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. उलट म्हणूनच मी जरा जास्तच ताठ मानेने सही केली. सोमवारी दहाला चौकशी होती. मुकादमाने बिनभरवशाच्या मीटरवर विसंबून काम बंद पाडलं असं ठरलं असतं, तर दादाला कायमचं खाली ठेवणार होते. खाली म्हणजे गोदामात, नटबोल्ट मोजायला. सहा वर्षांनी निवृत्त होणारा माणूस तिथूनच घरी गेला असता.

रविवारी दुपारी मी दादाकडे गेले. लॅपटॉप घेऊन गेले, कारण त्याचं कुठे चुकलं ते त्याला नीट समजावून सांगायचा माझा विचार होता. असा माझा स्वभाव, काय करणार!

दार वहिनींनी उघडलं. एरवी त्या आधी पाणी देतात आणि मग चिमटे काढतात. आज पाणी नव्हतं.

“वन्सं, तो कागद तुमचाच ना?”

“हो. पण त्यात खोटं काही नाही.”

“खोटं कोण म्हणतंय? तुम्ही आयुष्यात खोटं बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं एकदा.” त्यांचा आवाज चढला. “अठ्ठावीस वर्षं हा माणूस संध्याकाळी धडधाकट घरी येतोय. का येतोय? शंका आली की उतरतो म्हणून येतोय. त्याला तुम्ही भित्रा ठरवलंत. भावाला!”

“मी भित्रा कुठे म्हटलं? मी फक्त आकडा...”

“अगं ए,” आतून दादाचा आवाज आला, “तिला आत तर येऊ दे. दारातच किती सोलशील?”

दादा मागच्या गॅलरीत स्टुलावर बसून कमरेचा पट्टा तेलाच्या फडक्याने पुसत होता. सोमवारी गोदामात पाठवतील हे माहीत असताना माणूस मनोऱ्यावरचा पट्टा पुसत बसतो, हे मी पाहिलं. पाहिलं आणि लॅपटॉप उघडला.

“हे बघ, दादा. हा एकशे एकतीस. ही चालू लाइन, ही बंद. नऊ नाती. प्रत्येक मनोऱ्याचं मी वेगळं धरलंय. एकसष्ट यायला जागाच नाही. तुझा मीटर म्हातारा झालाय.”

“असेल.”

“असेल म्हणजे? तू भांडत का नाहीस?”

“तुझ्याशी आकड्यावरून भांडायचं? एवढा मी खुळा नाही.” त्याने पट्ट्याची कडी उजेडात धरून पाहिली. “एक सांग. तुझ्या त्या पडद्यावर एकशे एकतीसला चालू लाइनीचा सगळ्यात खालचा रंग कुठला?”

मी पाहिलं. “निळा.”

“पिवळा.”

“निळा, दादा. सुरुवातीला खालून लाल, पिवळा, निळा. एकसष्टाव्या मनोऱ्यावर जागा बदलतात, पिवळा खाली येतो. एकशे बाविसाव्यावर पुन्हा बदलतात, निळा खाली येतो. मी ड्रॉइंगवरून घेतलंय.”

“ड्रॉइंगवरून,” तो म्हणाला, आणि पट्टा मांडीवर ठेवून डोळे मिटले. मग तो जिन्यावर म्हणायचो त्या चालीत म्हणू लागला. “एकशे वीस. पिवळा, निळा, लाल. एकशे एकवीस. पिवळा, निळा, लाल. एकशे बावीस. पिवळा, निळा, लाल. एकशे तेवीस. पिवळा, निळा, लाल.”

“एकशे बावीसला बदलायला हवेत.”

“बदलत नाहीत. सरळ जातात.”

“असं कसं सरळ जातात?”

“आठ वर्षांपूर्वीच्या वादळात तो मनोरा पडला. आठवतंय? नऊ दिवसांत उभा करा म्हणाले. तारा फिरवायला खास हातांचा मनोरा लागतो, तो गोदामात नव्हता. होता तो साधा. मग साधाच उभा केला, तारा सरळ ओढल्या, आणि पार शेवटी सबस्टेशनच्या कमानीवर जोड फिरवून रंग जुळवून दिले. दोन्ही टोकांना तपासलं तर सगळं बरोबर. मधेच काय ते वेगळं.”

“आणि हे कागदावर?”

“तात्पुरतं म्हणून केलं होतं. तात्पुरत्याला कुठला कागद?”

“पण पाट्या? तिथून पुढच्या सगळ्या मनोऱ्यांवर रंगाच्या पाट्या असतील ना?”

“त्या आम्ही बदलल्या. साठ-एकसष्ट मनोरे, दोन महिने लागले. पाटी तात्पुरती ठेवत नाही आम्ही. माणसं चढतात तिच्या भरवशावर.”

“मग बुधवारी हे सांगितलं का नाहीस?”

“तू गणितात काय धरलंयस ते मला काय ठाऊक? आणि मला विचारलं कुणी?”

कुणीच नाही. मी तर नाहीच. दोन वर्षं मी या लाइनीचा झोल इंचाइंचाने मोजत होते, आणि जो माणूस दर वर्षी तिच्या एकूण एक मनोऱ्यावर चढतो, त्याच्या घरी दर पंधरवड्याला जेवत होते. जेवताना मी त्याला गणित समजावून सांगायचे, आणि तो मान डोलवायचा. वहिनी म्हणायच्या, वन्सं, त्याला भाजी तरी वाढू द्या.

मी गणितात एक ओळ बदलली. एकच. एकशे बावीसला ‘फिरतात’ होतं, तिथे ‘सरळ’ केलं. मग बटण दाबलं. दोन-तीन सेकंद लागले असतील.

अठ्ठावन्न पूर्णांक सात.

मी पडद्याकडे बघत राहिले. शरम वाटली, इतकी की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बुधवारी दादाने माझ्या बाविसावर विश्वास ठेवला असता, मीटर मोडका समजून काम पुढे नेलं असतं, तर? पुढचं मला मनातही आणवेना. आणि शरमेच्या पाठोपाठ, लाज वाटते सांगायला, मला आनंद झाला. गणित बरोबर होतं! त्याला खरी लाइन दिल्यावर त्याने खरं उत्तर दिलं होतं.

“काय झालं?” दादाने विचारलं.

“अठ्ठावन्न पूर्णांक सात. तुझा मीटर चार टक्के वाढवून बोलतो.”

“चारच?” तो हसला. “तुझी वहिनी चाळीस टक्के वाढवून बोलते.”

“ऐकू येतंय मला,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. मग पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि माझ्यासमोर जरा जोरातच ठेवला. मी तो सगळा प्याले.

“दादा, चुकले मी.”

“तू नाही चुकलीस. कागद चुकला.”

“कागदावर विसंबणारी मीच ना? लाडाने बोलू नकोस. उद्या दहाला बघ.”

सोमवारी मी पावणेदहालाच बैठकीच्या खोलीत जाऊन बसले. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि शाळेत पालकांना घेऊन या म्हटलेल्या मुलासारखा दारापाशी उभा होता. साहेब आले, फाइल उघडली, वर माझाच कागद. मी हात पुढे केला.

“साहेब, तो द्या इकडे. परत घेतेय.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “शुक्रवारी तुम्हीच लिहिलंत की आकडा बरोबर आहे.”

“शुक्रवारी मी चूक लिहिलं. गणित बरोबर आहे, पण मी त्याला जी लाइन दिली ती जमिनीवर नाहीच. ती फक्त ड्रॉइंगमध्ये आहे.” मी त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले, बाविसाचा आणि अठ्ठावन्नचा, आणि एकशे बाविसाव्या मनोऱ्याची सगळी हकीकत सांगितली. “मुकादमाने वाचलेला आकडा खरा होता. त्यांनी काम थांबवलं ते नियमाप्रमाणे. चौकशी करायची तर माझी करा.”

साहेब म्हणाले, “मॅडम, मुकादम तुमचे बंधू आहेत. रविवार मधे गेला आणि सोमवारी आकडा बदलला. लोक काय म्हणतील?”

हे मला अपेक्षित होतं. “लोकांना म्हणू दे. मनोरा काही माझा नातेवाईक नाही. गाडी काढा, साहेब, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.”

साहेब ‘हं’ म्हणाले. मग उठले आणि गाडीची चावी मागवली.

एकशे बाविसावा मनोरा एका ओसाड माळावर आहे. गाडी लांब उभी करून आम्ही काट्याकुट्यांतून चालत गेलो. साहेबांच्या गुळगुळीत बुटांचे हाल झाले, आणि मला खोटं बोलता येत नाही, त्याचं मला बरं वाटलं. दादा पायथ्याशी उभा राहिला. साहेबांनी दुर्बीण डोळ्याला लावली.

“पिवळा!” दादा ओरडला.

कुणी काहीच बोललं नाही. दादा थांबून राहिला. साहेबांना कळेना की हा पुढे का बोलत नाही.

“परत म्हणावं लागतं, साहेब,” मी म्हटलं, आणि ओरडले, “पिवळा!”

“निळा!”

“निळा!” या वेळी साहेबांचाही आवाज आला, थोडा चोरटा.

“लाल!”

“लाल!”

साहेबांनी दुर्बीण मागच्या मनोऱ्यापासून पुढच्या मनोऱ्यापर्यंत हळूहळू फिरवली. खालची तार खालूनच येत होती आणि खालूनच पुढे जात होती, सरळ, कुठेही न वळता. लहान मुलालाही दिसलं असतं. आठ वर्षं ती तशीच तिथे होती.

“हं,” साहेब म्हणाले. जरा वेळाने पुन्हा म्हणाले, “मीटरची चिठ्ठी मात्र नवी करून घ्या.”

“हो, साहेब.”

“आणि नवीन मीटर मोठ्या जबड्याचे मागवू.” मग माझ्याकडे वळले. “पण काम कसं करायचं? अठ्ठावन्न म्हणजे हात लावता येणार नाही.”

ते उत्तर माझ्याकडे तयार होतं. “चालू लाइनीवरचा भार साठ टक्क्यांवर आणा. प्रवाह पस्तीस पूर्णांक दोनवर येईल.”

“येईल?”

“येईल.”

मी हे ठामपणे म्हटलं. साहेबांनी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, “बाईंनी सांगितलंय ना? मग येईल. मीच चढतो.” चारचौघांत तो मला बाई म्हणतो. तीन दिवसांपूर्वी याच बाईच्या आकड्याने तो गोदामाच्या दारात जाऊन पोचला होता.

साहेबांनी वर शब्द टाकून लाइन बंद ठेवायची परवानगी पुन्हा मिळवली. गुरुवारी सकाळी मी एकशे एकतिसाव्या मनोऱ्याच्या पायथ्याशी उभी होते. प्रत्यक्ष काम चालू असताना, एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. डोक्यावर पिवळी टोपी, ती कानांपर्यंत घसरलेली. गँगमधल्या कुणीतरी ‘दशांशबाई आल्या’ असं म्हटलं, आणि या वेळी समोरच म्हटलं. परमिटवर माझा नवा आकडा होता, आणि त्याच्या शेजारी मी नवीन रकाना पाडला होता: रंग डोळ्यांनी कुणी पाहिले. तिथे दादाची सही होती, मोठी, ओळीच्या बाहेर गेलेली.

सबस्टेशनवरून फोन आला, भार उतरवला. दादा चढला. रंग म्हणत चढला, आणि आम्ही सगळे खालून म्हणत गेलो. वर पोचून त्याने अर्थिंगची केबल लांब काठीने तारेला अडकवली, तिच्याभोवती नवी चिठ्ठी लावलेल्या त्याच जुन्या मीटरचा जबडा लावला. खालून तो एवढासा दिसत होता. वारा होता. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. माझा आकडा चुकला तर आज कागद परत घेऊन भागणार नव्हतं.

“साडेछत्तीस!” वरून आवाज आला.

चार टक्क्यांची वाढ काढली तर पस्तीस पूर्णांक एक, चाळीसच्या आत. मी ते तिथल्या तिथे मनातल्या मनात केलं. सगळी गँग माझ्याकडे बघत होती. आकडा माझा होता, म्हणून परत म्हणायचा मान माझा होता. वर दादा वाट पाहत होता. परत म्हटल्याशिवाय तो हलणार नव्हता.

“साडेछत्तीस!” मी घशाच्या शिरा ताणून ओरडले.

दादाने खाली एकदा पाहिलं. मग हात लांब केला आणि तार धरली.